बैलगाडीतील भाराची विभागणी आणि बैलांचे खांदे

दोन चाकी गाडीत माल तेवढाच असूनही एका खेपेला बैल सहज चालतात, तर दुसऱ्या खेपेला माना टाकतात. माल किती भरला याइतकेच तो कोठे भरला हेही महत्त्वाचे असते. जुवावर सतत जादा भार आल्यास खांदे सुजतात व ऐन हंगामात जोडी बसून राहते.

भार कोण पेलतो?

गाडीतील भाराला दोन आधार असतात : चाकांचा आस आणि बैलांचे खांदे. दोन्ही आधार मिळून जेवढे वर उचलतात ते एकूण भाराइतकेच असते. कोणाच्या वाट्याला किती, हे अंतरावरून ठरते. भाराला आसापासूनच्या अंतराने गुणले की आघूर्ण, म्हणजे फिरविण्याचा जोर मिळतो. मालाचा आघूर्ण दांडी खाली दाबतो, तर खांद्यांचा आघूर्ण ती वर धरतो. गाडी समतोल असताना दोन्ही सारखे असतात.

उदाहरण

माल १००० किलो आणि आसापासून जू ३०० सें.मी. आहे असे समजू. गाडीचे स्वतःचे वजन येथे धरलेले नाही.

१) मालाचा मध्य आसापुढे १५ सें.मी. : १००० × १५ ÷ ३०० = ५० किलो जुवावर, म्हणजे प्रत्येक बैलावर २५ किलो. उरलेले ९५० किलो आसावर.

२) मध्य ४५ सें.मी. पुढे : जुवावर १५० किलो, प्रत्येक बैलावर ७५ किलो.

३) मध्य १५ सें.मी. मागे : जू ५० किलो जोराने वर उचलले जाते. गाडी उलाळ होते व जोते गळ्याला आवळते.

उतारावर काय होते?

मालाचा मध्य आसाच्या वर ८० सें.मी. असेल, तर दहास एक उतारावर तो सुमारे ८ सें.मी. पुढे सरकतो. जुवावर सुमारे २७ किलो भार वाढतो. चढावर तेवढाच कमी होतो.

काय करावे?

- जड पोती तळाशी व आसाजवळ ठेवावीत, हलका माल वर रचावा.
- मालाचा मध्य आसाच्या किंचित पुढे राहील असे पाहावे.
- बैल सोडून, दांडीला पुढे व साट्याला मागे टेकू देऊनच माल भरावा व उतरवावा.
- सपाट जागी जुवाखाली वजनकाटा ठेवून भार एकदा तपासावा. जास्त भरल्यास माल मागे सरकवावा.

मालाची जागा बदलण्यास पैसा लागत नाही, मात्र बैलांचा त्रास निश्चित कमी होतो.