नाताळचा फराळ आणि आग्रहाचे पथ्य

"डॉक्टरसाहेब, मी प्रत्येक घरी फक्त एकच करंजी खाल्ली हो!"

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात आलेले साठीचे एक गृहस्थ काकुळतीने सांगत होते. मधुमेह बारा वर्षांचा. नाताळासाठी घेतलेल्या नव्या बुटाने पायाच्या अंगठ्याला फोड आला होता. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली, म्हणून तो दुखला नाही. सणाच्या धावपळीत कोणी पाहिलाही नाही. रक्तातील साखर 380 होती. साखर एवढी वाढली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दुबळ्या पडतात आणि जखम चिघळते. शेवटी रुग्णालयात अंगठा काढावा लागला.

वाचकहो, त्यांच्या त्या 'फक्त एका' करंजीचा हिशेब करून पाहू. आमच्या ख्रिस्ती समाजात नाताळापासून नव्या वर्षापर्यंत घरोघरी जाण्याची रीत आहे. केकच्या जोडीला करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू असा दिवाळीसारखाच फराळ असतो. दिवसाला नऊ घरे धरली आणि प्रत्येक घरी दोन चमचे साखरेचा चहा झाला, तर नुसत्या चहातूनच अठरा चमचे साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घेतलेली साखर दिवसभरात शक्यतो 25 ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे सहा चमच्यांच्या आत असावी. करंजी, केक यांचा हिशेब तर अजून बाकीच आहे!

"मग नाही का म्हटले नाही?" मी विचारले. ते म्हणाले, "सणाच्या दिवशी कोणाचे मन कसे मोडायचे?"

खरा रोग येथे आहे. खाणाऱ्याला जिभेचा संयम हवा हे आपण नेहमीच ऐकतो. पण वाढणाऱ्यालाही पथ्य आहे. रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात पौल बजावतो की, ज्याच्यासाठी ख्रिस्त मरण पावला त्या भावाचा आपल्या अन्नापायी नाश होऊ देऊ नये. तेथे वाद कोणते अन्न चालते आणि कोणते निषिद्ध, याचा होता. मधुमेहाचा नव्हता, हे खरे. पण माझ्या ताटामुळे दुबळा भाऊ पडू नये, हे तत्त्व आजही तेच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा आपल्या घरी येणाऱ्या पाहुण्यांत असा एखादा भाऊ असणारच. "एकाने काय होते?" हा शब्द प्रेमाचा असला तरी नवव्या घरी तो घातक ठरतो.

यजमानांनी काय करावे?

1. ताट भरून पुढे करू नये. पदार्थ मध्ये ठेवावेत, पाहुण्याला हवे ते त्याने घ्यावे. "नको" म्हटले की पुन्हा आग्रह करू नये.

2. चहात साखर आधी घालू नये, वेगळी द्यावी.

3. काटोल-नरखेडची संत्री या दिवसांत बाजारात असतात. फराळासोबत सोललेले संत्रे ठेवावे. रस काढू नये. रसात चोथा जातो आणि साखर लवकर चढते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच संत्रे खावे.

4. गूळ घातला म्हणून लाडू मधुमेहींना चालतो, हा गैरसमज आहे. 'शुगर फ्री' मिठाईतही मैदा आणि तूप असतेच. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा वापरू नये.

5. मटणाच्या रश्श्यावरची तर्री काढून वाढावी. सोबत ज्वारीची भाकर आणि भरपूर कोशिंबीर असावी. रक्तदाबाच्या रुग्णाला पापड-लोणचे वाढू नये.

रुग्णांनी काय करावे?

1. नाताळापूर्वीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. तो मुळात तयारीचा आणि संयमाचा काळ. याच काळात साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. सणात गोळी किंवा इन्सुलिन मनाने बंद करू नये. गोड जास्त झाले म्हणून दुप्पट गोळीही घेऊ नये.

2. नाताळच्या आदल्या रात्री सदरच्या कॅथेड्रलपासून वस्तीतल्या लहान चर्चपर्यंत उशिरापर्यंत उपासना चालते. पुष्कळ जण आठ वाजता गोळी किंवा इन्सुलिन घेतात आणि "जेवण उपासनेनंतर" म्हणतात. अशाने साखर एकदम उतरते. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. लोकांना वाटते, हा पिऊन आला! शुद्ध असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांत आराम नसेल तर पुन्हा द्यावी आणि बरे वाटल्यावर जेवू घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तडक रुग्णालयात न्यावे. त्यापेक्षा वेळेवर जेवूनच चर्चला जावे हे उत्तम.

3. द्राक्षाची घरगुती वाइनही शेवटी दारूच आहे. मधुमेहाच्या गोळ्यांवर असताना उपाशीपोटी घेतल्यास रात्री साखर धोकादायक उतरू शकते.

4. नवे बूट पहिल्या दिवशी तासभरच घालावेत. रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात.

5. थंडीमुळे सकाळचे फिरणे बंद करू नये. ऊन पडल्यावर अर्धा तास चालावे. भेटीची जवळची घरे पायीच करावीत.

ते गृहस्थ आता बरे आहेत. त्यांच्या पत्नीने एक युक्ती काढली आहे. कोणाच्याही घरी गेल्यावर त्या आधीच सांगतात, "यांना बिनसाखरेचा चहा आणि तुमचा आशीर्वाद द्या, बाकी काही नको." त्या सांगत होत्या, "डॉक्टर, आजवर एकही घर रागावले नाही."

आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला मात्र हे सांगण्याची वेळच येऊ नये. त्याने सांगण्याआधी आपणच विचारावे. सर्वांना नाताळच्या शुभेच्छा!