स्त्री-आवाजाचा सराव : काय बदलावे, प्रगती कशी मोजावी

पौगंडावस्थेत टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात व आवाज फुटतो. हा बदल कायमचा असतो. त्यामुळे पारलिंगी (ट्रान्स) स्त्रीने प्रौढ वयात इस्ट्रोजेन सुरू केले, तरी त्याने आवाज बदलत नाही. तो बहुतांशी सरावाने बदलतो. फोनवर, रिक्षात, नोकरीच्या मुलाखतीत आवाजावरून ओळख ठरवली जाते. म्हणून हा सराव सन्मानाचा आणि सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

आवाजाचा पहिला घटक पट्टी. बोलताना प्रौढ पुरुषांची पट्टी सरासरी १०० ते १३० हर्ट्‌झ, तर स्त्रियांची १८० ते २२० हर्ट्‌झच्या आसपास असते. साधारण १४५ ते १७५ हर्ट्‌झचा मधला टप्पा दोघांतही आढळतो. सुरुवातीला तेवढाच गाठावा. केवळ पट्टी चढवत नेल्यास आवाज बारीक पण ताणलेला येतो आणि घसा लवकर थकतो.

दुसरा आणि बहुधा अधिक महत्त्वाचा घटक घुमारा. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी पुरुषांत सुमारे १७ सेंटिमीटर, स्त्रियांत १४ ते १५ सेंटिमीटर असते. पोकळी आखूड झाली की आवाज उजळ होतो. ‘ई’ म्हणताना जीभ पुढे येते आणि ओठ पसरतात. ही ठेवण शक्य तितकी सांभाळत ‘ए’ आणि मग ‘आ’ म्हणण्याचा सराव करावा. गिळताना स्वरयंत्र वर सरकते, हे गळ्यावर बोट ठेवल्यास कळते. बोलताना ते किंचित वर राहावे, मात्र आवळलेले नसावे. तिसरा घटक आवाजाचा जडपणा. स्वरतंतू जोराने मिटले की आवाज भारदस्त होतो, हलके मिटले की मऊ होतो. चौथा घटक वाक्यातील चढउतार.

दिवसातून दोन-तीन वेळा १० ते १५ मिनिटांचा सराव एकदम तासभर घसा ताणण्यापेक्षा चांगला. आधी ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढावेत किंवा ओठ मिटून गुणगुणावे. त्यानंतर स्वर, मग ‘मामी’, ‘नमन’, ‘मीना’ असे शब्द, मग छोटी वाक्ये, वाचन आणि शेवटी गप्पा, असा क्रम ठेवावा. ‘मी आले’, ‘मी उद्या फोन करते’ अशी रोजची वाक्ये घेतल्यास स्त्रीलिंगी क्रियापदे आणि नवा आवाज एकत्रच अंगवळणी पडतात.

प्रगतीची नोंद आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्याच खोलीत आणि त्याच फोनवर करावी. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर असावा. दर वेळी तीन गोष्टी ध्वनिमुद्रित कराव्यात: लांबवलेला ‘आ’, तोच परिच्छेद आणि मिनिटभर मनाला येईल ते बोलणे. सरासरी पट्टी ‘प्रात’ या ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेल्या मोफत संगणक-प्रणालीत दिसते. मोबाईलवरील ट्यूनरवरून अंदाज येतो. आकड्यांसोबत आवाज किती वेळ टिकला, नंतर घसा किती थकला आणि स्वतःला तो कितपत आपला वाटला, हेही लिहावे. वाचतानाची आणि गप्पांतील पट्टी यांतले अंतर कमी होत जाणे ही सवय मुरल्याची खूण आहे. झोप, सर्दी, कोरडेपणा यांनी आवाज रोज बदलतो. त्यामुळे तुलना कालच्या नव्हे, महिन्यापूर्वीच्या मुद्रणाशी करावी. ‘ट्रान्स वुमन व्हॉइस क्वेश्चनेअर’ या ३० प्रश्नांच्या प्रश्नावलीत गुण ३० ते १२० असतात. ते कमी होणे म्हणजे आवाजामुळे होणारा त्रास कमी होणे.

घसा दुखला, खवखवला किंवा आवाज बसला, तर त्या दिवशीचा सराव थांबवावा. अशा वेळी कुजबुजूनही बोलू नये. पुरेसे पाणी प्यावे, धूम्रपान टाळावे. आम्लपित्त असल्यास रात्री जेवून लगेच आडवे होऊ नये. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्यावेत. सराव शक्यतो स्पीच थेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू करावा. भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहून थेरपिस्ट निवडावा.

पुरेशा सरावानंतरही पट्टी वाढत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. जपानी शल्यविशारद नोबुहिको इशिकी यांनी १९७४ मध्ये स्वरतंतूंचा ताण वाढवणाऱ्या शस्त्रक्रियेचे वर्णन केले. ग्लोटोप्लास्टीत स्वरतंतूंची पुढची टोके शिवून त्यांचा कंप पावणारा भाग आखूड केला जातो. या शस्त्रक्रियांनी पट्टी वाढते, घुमारा आणि बोलण्याची लकब बदलत नाही. त्यामुळे शस्त्रक्रिया केली तरी आधी आणि नंतर थेरपी घ्यावीच लागते.