खोबण पाडणारी जुनी हातयंत्रे : दुरुस्ती आणि वापर

दरवाजाची चौकट पिढ्यान्‌पिढ्या घट्ट राहते ती तिच्या सांध्यांमुळे. उभ्या लाकडात आयताकृती खोबण कोरावयाची व आडव्या लाकडाच्या टोकाला तिच्यात नेमकी बसणारी कूस ठेवावयाची, ही पद्धत सुतारांना प्राचीन काळापासून ठाऊक आहे. कूस करवतीने लवकर होते. खोबण पटाशीने कोरताना मात्र वेळ व श्रम फार लागतात. हे श्रम वाचविण्यासाठी खोबणयंत्रे निर्माण झाली.

इतिहास

ब्रिटिश आरमाराला जहाजांसाठी लाकडी कप्प्या मोठ्या संख्येने लागत. मार्क इझाम्बार्ड ब्रुनेल यांनी १८०१ मध्ये कप्प्या घडविणाऱ्या यंत्रांचे पेटंट घेतले. सॅम्युएल बेंथम यांनी या योजनेस पाठबळ दिले व हेन्री मॉडस्ले यांनी यंत्रे तयार केली. पोर्ट्‌समथ गोदीतील या यंत्रसमूहात खोबण पाडणारे यंत्रही होते. १८०८ पर्यंत तेथील वार्षिक उत्पादन १ लाख ३० हजार कप्प्यांवर गेले आणि ११० कुशल कारागिरांचे काम १० साधे कामगार करू लागले. ही यंत्रे वाफेवर चालत. लहान कारखानदाराला वाफेचे इंजिन परवडणारे नव्हते. त्याच्यासाठी १९ व्या शतकात इंग्लंड व अमेरिकेत हाताच्या तरफेने किंवा पायाने चालणारी यंत्रे निघाली. अमेरिकेतील रॉकफर्ड येथील बार्न्स बंधूंची कंपनी अशा यंत्रांसाठी प्रसिद्ध होती.

रचना

बिडाच्या भक्कम सांगाड्यात एक दांडा वर-खाली सरकतो. त्याच्या खालच्या टोकाला पटाशी बसविलेली असते. लांब तरफ ओढली की पटाशी लाकडात उतरते. लाकूड शिकंज्यात घट्ट धरून ते पुढे-मागे सरकविण्याची सोय मेजावर असते.

दुरुस्ती

प्रथम यंत्राची छायाचित्रे घ्यावीत आणि सुटे भाग खुणा करून ठेवावेत. गंजलेले बोल्ट रॉकेल व तेलात काही दिवस भिजू द्यावेत. बीड ठिसूळ असते; त्यावर घण घातल्यास सांगाड्याला तडा जातो आणि तडा सांधणे हे अनुभवी कारागिराचेच काम असते. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा आणि नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी. सरकणाऱ्या पृष्ठभागांना रंग न देता तेल द्यावे. बिडात ओतलेले निर्मात्याचे नाव व क्रमांक घासून टाकू नयेत, कारण यंत्राची ओळख त्यावरूनच पटते. पटाशीला धार लावताना ती वारंवार पाण्यात बुडवावी. पोलाद निळसर झाले की त्याचे पाणी उतरते.

वापर

खोबणीच्या खुणा आखून लाकूड घट्ट बसवावे. मध्यापासून सुरुवात करावी. पटाशीची सपाट बाजू खोबणीच्या टोकाकडे असावी, म्हणजे टोकाची भिंत सरळ उतरते. लाकूड थोडे थोडे सरकवीत एका टोकापर्यंत जावे. मग पटाशी अर्धा फेरा फिरवून दुसरी बाजू कोरावी. आरपार खोबण दोन्ही बाजूंनी अर्धी अर्धी पाडावी, म्हणजे लाकडाच्या कडा फुटत नाहीत. भुसा व ढलप्या हाताने न काढता काडीने काढाव्यात. काम संपल्यावर पटाशी काढून ठेवावी.

शाळेच्या किंवा सार्वजनिक कार्यशाळेच्या जडसंग्रहात असे यंत्र आढळल्यास, ते भंगारात काढण्यापूर्वी जाणत्या सुताराकडून त्याची तपासणी करून घेणे इष्ट ठरेल. यास वीज लागत नाही आणि तरफ, धार व मापे यांचा पाठ विद्यार्थ्याला हाताने गिरविता येतो. भंगाराच्या वजनाने मिळणारी रक्कम एकदाच मिळते. चालू यंत्रावर मात्र विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या सुतारकाम शिकू शकतात.