बोट स्थिर, बाण मात्र थरथरतो

टचपॅडवर बोट टेकवून अगदी स्थिर ठेवा. पडद्यावरचा बाण तरीही थरथरतोय? मग दोष तुमच्या हाताचा नाही. बोटाची जागा टचपॅड विद्युतधारितेतल्या बदलावरून मोजतो आणि काही टचपॅडचे मोजमाप सतत किंचित हेलकावत राहते. हार्डवेअर तर बदलता येत नाही, त्यामुळे निस्तरावे लागते ड्रायव्हरला.

लिनक्सवरचे 'लिबइनपुट' बोटाभोवती एक छोटी सीमा कल्पते. सीमेच्या आतली हालचाल सोडून द्यायची, ती ओलांडली तरच बाण हलवायचा. पण चांगल्या टचपॅडवर यात खरी बारीक हालचालही गिळली जाते. फोटोत एकच पिक्सेल सरकायचे असेल तर चिडचिड ठरलेली! म्हणून ही सोय सुरुवातीला बंद असते. बोट काही मिलिसेकंदांत डावीकडे-उजवीकडे-डावीकडे गेल्याचे दिसले, की ती चालू होते. इतक्या झटपट दिशा बदलणे माणसाच्या बोटाला जमतच नाही. युक्ती साधी, पण मला फार आवडते.

तरीही थरथर राहिली तर सीमेची रुंदी, म्हणजे 'फझ', तुमच्या मॉडेलपुरती वाढवता येते. आकडा थोडाथोडा वाढवा आणि थरथर थांबली की तिथेच थांबा.