शेतावर मोटारसायकल नेण्याच्या रीती

नागपुरांत रामदासपेठ, धंतोली या बाजूस राहून ज्यांची शेती पुलगांव, कारंजा किंवा मेहकरकडे आहे, अशा वाचकांपुढें एक नवी अडचण उभी राहिली आहे. समृद्धि महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी असा खुला झाला व २०२५ सालीं पुरा झाला. परंतु त्यावर दुचाकी वाहनांस मज्जाव आहे. मोटार लवकर पोंचते. पण पुढें पांदणीनें हिंडावयास मोटारसायकल हवी, ती मात्र त्या रस्त्यानें आपल्या चाकांवर येऊं शकत नाहीं. ती कशी न्यावी, याचा विचार येथें करूं.

पहिली रीत म्हणजे जीपच्या पाठीमागें लोखंडी घोडी बसवून तिजवर मोटारसायकल आडवी ठेवणें. दिसावयास सोपी, आणि म्हणूनच फसवी. बैलगाडींत ओझें मागें गेलें म्हणजे गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें, हें आपणांस ठाऊकच आहे. येथेंही तेंच घडतें. हलकी स्प्लेंडर सुमारें ११२ किलो. घोडीसुद्धां १४० धरूं. हें ओझें मागच्या आंसापासून १६५ सेंटिमीटर बाहेर असलें व दोन आंसांतील अंतर २७० असलें, तर मागच्या आंसावर १४० नव्हे, सुमारें २२५ किलोंचा भार पडतो, आणि पुढच्या चाकांवरील भार ८५ किलोंनीं कमी होतो. मोटार वळविणारीं चाकेंच अशीं हलकीं होतात. शिवाय मागचे दिवे व नंबराची पाटी झांकली जाते. सुमारें १९५ किलोंच्या बुलेटीस तर ही रीत आमच्या मतें त्याज्यच होय.

दोन चाकांचा लहान ट्रेलर अधिक शास्त्रशुद्ध. दांडीवर एकूण वजनाचा सुमारें दहावा हिस्सा येईल अशा बेतानें भार आंसाच्या किंचित पुढें ठेवावा. तो मागें गेला तर वेग वाढतांच ट्रेलर हेलकावे घेऊं लागतो. अशा वेळीं एकदम ब्रेक न दाबतां वेग हळूहळू उतरूं द्यावा. मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें ट्रेलर हेंही मोटार वाहनच असल्यामुळें नोंदणी हवी. वर्षांतून दोन वेळां पडणाऱ्या कामास हा खटाटोप परवडत नाहीं.

पुढचें चाक उचलून मागचें रस्त्यावर फिरत ठेवण्याचीही एक चाल आहे. इंजिन बंद असतां तेलाचा पंप चालत नाहीं, पण गिअरपेटीचा दांडा चाकाबरोबर फिरत राहतो व झिजतो. साखळी काढल्यावांचून लांब पल्ल्यास हें करूं नये. रेल्वेच्या पार्सलानें पाठविणें दूरच्या गांवासच सोयीचें. त्यासाठीं टाकी रिकामी करावी लागते.

आमचा कौल भाड्याच्या पिकअपकडे आहे. तिचा तळ अडीच फूट उंच धरला, तर आठ फुटी फळीवरून ११२ किलोंची गाडी चढवितांना सुमारें ३५ किलोंचा जोर पुरतो. सहा फुटी फळीवर तोच ४७ होतो. तेव्हां फळी लांब घ्यावी, आणि तिचें वरचें टोंक दोरानें बांधावें. फळी निसटून पाय मोडतो तो येथेंच.

पुढचें चाक समोरच्या भिंतीस टेंकवावें, गाडी पहिल्या गिअरांत घालावी व घोडीवर न ठेवितां सरळ उभी बांधावी. दोन पट्टे हँडलच्या खालच्या मजबूत भागास अडकवून पुढें-खालीं ओढावे, इतके कीं पुढच्या स्प्रिंगा निम्म्या दबतील; दोन मागच्या बाजूस घ्यावे. नायलॉनचा दोर ताणला जातो व ओला झाल्यास अधिकच सैल पडतो, म्हणून विणीचे पट्टे बरे. घांसणाऱ्या जागीं जुन्या ट्यूबचे तुकडे घालावे. गतिरोधकांच्या धक्क्यांनीं पहिल्या टप्प्यांतच गांठी बसतात आणि पट्टे ढिले होतात. महामार्गाच्या कडेस उभें राहून ते आवळणें जिवावरचें काम, म्हणून शिवमडक्यास वर चढण्यापूर्वींच गाडी थांबवून चारही पट्टे पुन्हा ओढून घ्यावे.