गुलाबी बोंडअळीचा कामगंध आणि रसायनशास्त्र

सन २०१७ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील बीटी कपाशीचे गुलाबी बोंडअळीने अतोनात नुकसान केले. ही अळी अंड्यातून निघाल्यावर लवकरच पाती, फूल किंवा बोंड पोखरून आत शिरते. आत शिरलेल्या अळीपर्यंत फवारणीचे औषध पोहोचत नाही. म्हणून पतंग शेतात केव्हा आले हे वेळीच कळणे अगत्याचे आहे.

मादी पतंग रात्री एक गंधद्रव्य हवेत सोडून नरास आकर्षित करते. यास कामगंध म्हणतात. मादीच्या शरीरात त्याचे प्रमाण अत्यल्प असते. जर्मन शास्त्रज्ञ ब्युटेनांट यांनी १९५९ साली रेशीम पतंगाचा कामगंध ओळखला, तेव्हा त्यांना सुमारे ५ लाख माद्या वापराव्या लागल्या. शेतीस पुरेल इतके द्रव्य या मार्गाने मिळणे शक्य नाही. ते प्रयोगशाळेत साध्या सेंद्रिय पदार्थांपासून घडवावे लागते. या क्रियेस सेंद्रिय संश्लेषण म्हणतात.

यात रेणूची रचना तंतोतंत साधावी लागते. गुलाबी बोंडअळीचा कामगंध म्हणून १९६६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला पदार्थ शेतात निष्प्रभ ठरला. खरे द्रव्य १९७३ साली ओळखले गेले. त्याचे नाव 'गॉसिप्लूर'. त्यात १६ कार्बन अणूंची साखळी असून ७ व्या व ११ व्या स्थानी द्विबंध असतात. पहिल्या द्विबंधापाशी साखळीचे दोन्ही भाग एकाच बाजूस असतात. दुसऱ्यापाशी ते काही रेणूंत एकाच बाजूस, तर काहींत विरुद्ध बाजूंस असतात. या दोन प्रकारांचे सुमारे समभाग मिश्रणच नरास ओढून आणते. एकाच बाजूची ठेवण साधण्यासाठी त्रिबंधास विशिष्ट उत्प्रेरकाच्या सान्निध्यात हायड्रोजन जोडण्याची पद्धत उपयोगी पडते.

यावरून शेतकरी बंधूंनी एक बोध घ्यावा. अमेरिकन बोंडअळीची गोळी गुलाबी बोंडअळीच्या कामी येत नाही. सापळ्यात त्याच किडीची, मुदतीतील गोळी बसवावी व वेष्टनावरील सूचनेप्रमाणे ती बदलावी. पाहणीसाठी हेक्टरी ५ सापळे लावावेत. सापळ्यातील पतंग रोज मोजून काढून टाकावेत. लागोपाठ ३ रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास विलंब न लावता शिफारशीप्रमाणे उपाय योजावेत. सापळा वेळ सांगतो. त्या वेळेचा उपयोग करणे शेतकऱ्याच्या हाती असते.