प्रबळ लाटा आणि प्रबळ परमेश्वर

अभ्यासासाठी शास्त्रभाग : स्तोत्र ९३

रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर येथे भर पावसाळ्यात आपण कधी उभे राहिला आहात काय? सावित्री नदी तेथे समुद्राला मिळते आणि काळ्या खडकांवर लाटा आदळत राहतात. खडकाच्या भेगांत कोंडलेली हवा लाटेच्या भाराने दाबली जाते व लाट ओसरताच जोराने बाहेर फुटते. तोफ डागल्यासारखा आवाज होतो. क्षारयुक्त पाण्याने त्या कठीण पाषाणालाही जागोजाग खळगे पाडले आहेत. आवाज क्षणात विरतो, सामर्थ्याच्या खुणा मात्र राहतात.

हाच नाद स्तोत्र ९३ मध्ये ऐकू येतो. तिसऱ्या वचनात ‘उंचावणे’ या अर्थाचे एकच इब्री क्रियापद तीनदा आले आहे. पहिली दोन रूपे पूर्ण क्रियेची, तिसरे अपूर्ण क्रियेचे. जणू लाट आली, पुन्हा आली, आणि अजून येतच आहे! तेथील ‘कोल’ या शब्दाचा अर्थ ध्वनी आणि वाणी असा दुहेरी आहे. चौथ्या वचनात लाटांसाठी असलेला शब्द ‘फुटणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. योनाच्या प्रार्थनेतही तोच आढळतो.

आता चौथ्या वचनाकडे विशेष लक्ष द्या. ‘अद्दीर’ म्हणजे प्रबळ. हे विशेषण येथे लाटांना लाविले आहे, आणि तेच परमेश्वरालाही लाविले आहे. भाषांतरकाराला मोह होतो की, लाटांना ‘प्रचंड’ म्हणावे व परमेश्वराला ‘सर्वसमर्थ’. भाषा नटते, पण अर्थ निसटतो. स्तोत्रकर्ता लाटांना दुबळ्या म्हणत नाही. त्या खरोखर प्रबळ आहेत; परमेश्वर त्यांहून प्रबळ आहे.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी तामिळनाडूच्या किनाऱ्यावर हजारोंचे प्राण घेतले. ज्या मातेचे लेकरू समुद्राने नेले, तिला “लाटेचे काय एवढे?” असे म्हणण्याची मुभा हे स्तोत्र आपल्याला देत नाही. ते दुःखाचे कारणही सांगत नाही. मार्काच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू समुद्र शांत करितो. येथे मात्र समुद्र शेवटपर्यंत शांत झालेला नाही. तो गर्जतच आहे, आणि तरीही राजासन स्थिर आहे. शेवटच्या वचनात स्तोत्रकर्ता देवाच्या निर्बंधांकडे वळतो. लाटेची वाणी मोठी असली तरी अंतिम नाही; विश्वासयोग्य वाणी देवाची आहे.

म्हणून शोक करणाऱ्याजवळ बसताना प्रथम त्याची लाट खरी आहे हे मान्य करा. मगच, हळुवारपणे, त्या लाटेहून प्रबळ असलेल्याचे नाव घ्या.

मननासाठी प्रश्न :
१. माझ्या जीवनातील कोणती लाट मी क्षुल्लक म्हणून लपवीत आहे?
२. संकट शमले नाही, तरी परमेश्वर राज्य करितो असे मी म्हणू शकतो काय?
३. या आठवड्यात कोणाजवळ जाऊन मी प्रथम केवळ ऐकले पाहिजे?